तीन वेळा ‘हो’

सोमवार, ३ मार्च

दादा,

नमस्कार-बिमस्कार लिहीत नाही, कारण तो मनापासून येत नाहीये. कागदावर लिहितेय, कारण मेल तू न वाचता टाकतोस आणि फोनवर माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागद फाडायचा झाला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

तुझा निरोप पोचला. “टिटवी संपली असं समज. आईसाठी टॅब्लेट पाठवतोय, निदान तो तरी वापरायला शिकव.” वा रे वा! जिने टिटवीवर एकवीस वर्षं संसार केला, तिला तू समज म्हणतोस. आणि तुझा टॅब्लेट आला, बरं का. पहिले दोन दिवस आम्ही तो तिच्या बोटाखाली धरून बसलो. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून अपडेट घेतलं आणि सगळी बटणं इकडची तिकडे झाली. आई त्याला काय म्हणाली ते लिहीत नाही. टेलिफोन एक्स्चेंजमधे तीस वर्षं काढलेली बाई आहे, तिला सगळं येतं.

मोठ्या कंपनीत तू विसरला असशील म्हणून आठवण करून देते. लकव्याचा झटका आल्यापासून आईचं डाव्या हाताचं एक बोट सोडलं तर काही चालत नाही. मान आपोआप हलते, तिच्यावर भरवसा नाही. पापण्या मिटून हो-नाही सांगायचं करून बघितलं होतं, आठवतं? पापण्याही तिचं ऐकत नाहीत. तेव्हा तू, होय तूच, कॉलेजात असताना स्वतः लिहिलेला टिटवी हा प्रोग्राम पुढे घेतलास आणि तिच्या बोटाला बोलायला लावलंस. पडद्यावर चौकटी, एकेका चौकटीवर उजेड सरकत जातो, प्रत्येक चौकटीला एक ‘टिक्’, आणि हव्या त्या चौकटीवर तिने बटण दाबायचं. मोतीबिंदूने नजर गेली तेव्हाही तिचं काही अडलं नाही. ती टिका मोजते. मशीनचा आवाज तिच्या हाडात बसलाय.

आता भानगड अशी की ज्या मशीनवर टिटवी चालते, ते बनवणारा कारखाना बंद होऊन पंधरा वर्षं झाली. जगभरात टिटवीवाले उरलेत साडेतीनशे, आणि आम्ही सगळे भंगारवाल्यांच्या दारात एकमेकांशी भांडतो. एक मेलेलं मशीन मिळालं की त्याच्यातले सुटे भाग काढून दुसरं जगवायचं. आईचं मशीन गेल्या महिन्याभरात चौथ्यांदा बंद पडलं. तुला हे सांगितलं तर तू म्हणालास, “साडेतीनशे म्हणजे काही बाजार नाही.”

नसेल बाजार. मी नवं मशीन बनवतेय.

हो, नीट वाच. लिफ्टचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करणारी तुझी बहीण, जिला तू सगळ्या पाहुण्यांसमोर “तिचं काय, ती सोल्डरिंगचे डाग देते” म्हणालास, ती टिटवीसाठी नवा कोरा बोर्ड बनवतेय. हाताच्या पंजाएवढा. आज बाजारात मिळतात त्याच चिपा, भंगारातलं काही नाही. किंमत बऱ्यापैकी बुटांच्या जोडीएवढी. तुझ्याकडे मी टिटवीचं मूळ लिखाण मागितलं, तू दिलं नाहीस, म्हणालास कंपनीचा करार आहे. ठीक आहे. मग मी बोर्डच असा करते की तुझी टिटवी एक अक्षर न बदलता त्याच्यावर बसेल आणि तिला आपण नव्या घरात आलोय हे कळणारही नाही.

सहा वर्षांपूर्वी नोकरी धरून तू पळालास. पळपुटा आहेस, हे मी तोंडावर म्हटलेलं आहे, लेखीही देते.

ठिणगी

(हे नाव तूच ठेवलंस, आता भोग.)


रविवार, १६ मार्च

दादा,

झालं! झालं, झालं, झालं!

आधी वाटलं, कळवूच नये. पण तुझ्याशिवाय हे समजणारं माणूस मला दुसरं नाही, हे माझं दुर्दैव. चाळीस बोर्ड झाले. वर्कशॉपच्या मालकांनी जेवणाच्या सुट्टीत भट्टी वापरायला दिली, म्हणाले, “बाई, लिफ्ट बंद पडली तर माणसं जिना चढतात. तुमच्या लोकांना जिना नाही. करा तुम्ही.” मोठ्या भिंगाखाली बसून बसून माझ्या मानेचं लाकूड झालंय. चाळीसमधले तीन बाद गेले, सदतीस चालतात. पंचवीस तर सहा तारखेलाच पाठवले होते.

टिटवी पहिल्या फटक्यात उठली. दोन टिका दिल्या आणि उभी राहिली. मी एकटीच टेबलावर हात आपटून ओरडले, शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला शॉक बसला का.

आणि ऐक, जुन्या मशीनपेक्षा माझा बोर्ड चांगला आहे. जुनं मशीन बटण ऐकायला किती आळशी होतं, तुला माहीत आहे. बटण दाबलं की आतले दोन पत्रे एका दणक्यात टेकत नाहीत, आधी थरथरतात. जुनं मशीन ती थरथर थांबेपर्यंत पाव सेकंद गप्प बसायचं. माझ्या बोर्डाला असल्या नखऱ्यांची गरज नाही. बोट टेकलं की टिपलं. मी स्वतः बसून शंभर वेळा तपासलं, शंभरच्या शंभर बरोबर.

लोकांची पत्रं छान येताहेत. एक निवृत्त सिग्नलमन आहेत, मानेखाली काही हलत नाही, हनुवटीने बटण दाबतात. त्यांनी जरा कुरकुर केलीय. जुन्या माणसांच्या सवयी, दुसरं काय. मी उत्तर पाठवलंय.

आईचं जुनं मशीन शुक्रवारी कायमचं गेलं. यावेळी मी त्याला हातही लावला नाही. आज सकाळी माझा बोर्ड बसवला. दिवसाच्या ताई, म्हणजे मी कामावर असते तेव्हा आईला सांभाळतात त्या, त्यांनी पडदा पुसून दिला. “जमतंय ना?” मी विचारलं. आईने बटण दाबलं. पडद्यावर आलं, “ऐक.”

मी म्हटलं, “ऐकतेय, बोल.”

पुन्हा “ऐक.” मग काहीच नाही. नवं मशीन आहे, लाजत असेल.

तू पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉल करशील तेव्हा बघशीलच. तुझ्या कंपनीचा टॅब्लेट मी भिंतीवरची ओल झाकायला लावलाय.

ठिणगी


मंगळवार, २५ मार्च

दादा,

दोन दिवस हातात पेन घेतलं नाही. आता घेतलंय, तर जे आहे ते लिहिते.

परवा तू विचारलंस. मला न सांगता, न विचारता, थेट तिला. “आई, इथे माझ्या शहरात एक संस्था आहे. डॉक्टर चोवीस तास, खोली खालच्या मजल्यावर, बाग आहे. ठिणगी दिवसभर कामावर, तू तिसऱ्या मजल्यावर एका बाईच्या जिवावर. मला काळजी वाटते गं. येशील?” मी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होते. हात पुसायचे राहिलेच.

पडद्यावर आलं, “हो.”

तू मोठ्याने वाचलंस. “आई हो म्हणाली.” तिने लगेच पुन्हा बटण दाबलं. “हो.” मग तिसऱ्यांदा, इतक्या जोराने की बटण खाटेवरून सरकलं. “हो.” डोळ्यांतून पाणी. तू म्हणालास, “बघ, सुटल्यासारखं वाटलं तिला. तीन वेळा हो. आणखी काय पाहिजे तुला?”

काही नको, दादा. मला काहीही नको.

मी तुझ्यावर चिडले नाहीये, ही बातमी छाप कुठेतरी. मी तिच्यावर चिडलेय. एकवीस वर्षं तिला मी न्हाऊ घातलं, कूस बदलली. माझं लग्न ठरता ठरता राहिलं त्याचं खापर मी कधी तिच्यावर फोडलं नाही, आणि तिने मला एका टिकेत मोकळं केलं. काल तिच्या शेजारी बसून विचारलं, “माझं काय चुकलं ते तरी सांग.” तिने बटणाला बोटच लावलं नाही. रविवारपासून लावतच नाही. ताई म्हणतात, त्याच्या आधीही आई नीट बोलत नव्हत्या, अक्षरं जुळवायला घेतली तर नुसता गोंधळ येतो, अर्थच लागत नाही. तू म्हणालास, वय झालं, डोकं थकलं. असेल बाबा.

तुझी अॅम्ब्युलन्स दहा एप्रिलला येणार, गुरुवारी. कागदांवर माझी सही हवी म्हणतोस. पाठव, करते. तिला जायचंय तर मी कोण अडवणारी.

एक मात्र सांगून ठेवते. टिटवीचे बोर्ड मी बनवतच राहणार. तिच्यासाठी नाही आणि तुला दाखवायला तर नाहीच नाही.

ठि.


शनिवार, २९ मार्च

दादा,

सही केलेले कागद फाडले. तुला मिळणार नाहीत. का, ते शेवटपर्यंत वाच. मधे थांबलास तर मी तुला माणसात मोजणार नाही.

काल मी दुपारीच घरी आले. ताई आईचे पाय चोळत होत्या. म्हणाल्या, “बाई, एक विचारू? आई सारखं ‘ऐक’ म्हणायच्या ना, ते मधेच कधी म्हणायच्या नाहीत. मी काही विचारलं की मगच म्हणायच्या. चहा देऊ का, तर ‘ऐक’. पाठीला उशी लावू का, तर ‘ऐक’. आणि पाणी म्हणाल्या की मी पाणी घेऊन जायचे, तर ओठ घट्ट मिटायच्या.”

मी पडद्यासमोर गेले. पहिली ओळ तुला पाठ असेल, तूच लावलीस. ऐक, हो, नको, पाणी, खिडकी, दुखतंय, पुरे. मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि आईचा एकेक शब्द एक चौकट पुढे सरकवून वाचला.

आता ते सिग्नलमन काका. त्यांनी कुरकुर केलीय असं मी तुला लिहिलं होतं. काय कुरकुर ते लिहिलं नव्हतं, कारण मला लाज नव्हती. आता आहे, म्हणून लिहिते. त्यांनी कळवलं होतं, “बाई, तुमचा बोर्ड मी बोलायच्या आधीच ऐकतो. दर वेळी एक चौकट आधीची येते. जुन्या मशीनची वाट बघायची सवय अंगात मुरलीय, ती या वयात कशी काढू? तुमच्या बोर्डाला जरा हळू ऐकायला शिकवा.” ते मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आलं होतं. मी उत्तर दिलं, “बोर्ड बरोबर आहे, सवय बदला.” आणि पत्र स्क्रूच्या खणात कोंबलं.

कळलं ना तुला? तुला तर एका मिनिटात कळलं असतं, तू नुसतं विचारलं असतंस तर. जुनं मशीन पाव सेकंद उशिरा ऐकायचं, म्हणून एकवीस वर्षं आई पाव सेकंद आधी दाबत आली. उजेड आधीच्या चौकटीवर असतानाच. मशीनचा आळस तिने आपल्या बोटात भरून काढला होता. मी तो आळस काढून टाकला, स्वतःची पाठ थोपटली, आणि माझ्या धडधाकट डोळ्यांनी आणि धडधाकट बोटाने शंभर वेळा तपासलं. तिचं बोट एकदाही तपासलं नाही.

तिला ‘हो’ म्हणायचं होतं तेव्हा ‘ऐक’ आलं. पाणी हवं होतं तेव्हा ‘नको’. आणि दादा, त्या आठ दिवसांत सहा वेळा पडद्यावर ‘खिडकी’ आलं आणि आम्ही उठून खिडकी उघडली. ती दुखतंय म्हणत होती. तिच्या कमरेला फोड आलाय, काल बघितला. आम्ही वारा घालत होतो. हे लिहिताना मला रडू येतंय, येऊ दे.

‘नको’च्या आधीची चौकट कुठली, ती तूच मोज.

मी बोर्डावर एक बारका स्क्रू बसवला, फिरवला की बोर्ड थोडा थांबून ऐकतो. पाव सेकंदावर आणला. मग विचारलं, “आई, पाठीला उशी लावू?” “हो.” “खिडकी लावून घेऊ?” “हो.” मी विचारलं, “दादाच्या त्या संस्थेत जायचंय तुला?” टिका मोजत ती थांबली आणि आलं, “नको.” तिने अक्षरांची ओळ उघडली. दोन मिनिटं लागली. मी जागची हलले नाही. आलं, “गाढव.”

मला म्हणाली. बरोबर म्हणाली.

चूक माझी. शंभर टक्के माझी, तुझ्यावर त्यातलं तसूभरही ढकलत नाही. पण तिचं उत्तर आता तुला माहीत आहे. अॅम्ब्युलन्स रद्द कर.

ठिणगी


बुधवार, २ एप्रिल

दादा,

तुझा मेल वाचला. चार ओळींचा, पण जिव्हारी लागला. “बोर्ड तुझा, स्क्रू तुझा, उत्तरही तुझं. एका स्थितीत ती हो म्हणते, तू स्क्रू फिरवतेस आणि ती नको म्हणते. उद्या आणखी फिरवशील तर पाणी म्हणेल. मी कशावर विश्वास ठेवू?”

पहिल्यांदा मी कप फोडला. मग बसून विचार केला. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि जास्त खवचटपणे म्हटलं असतं. जिचा बोर्ड, तीच दुभाषी, आणि आई इथे राहावी असं जिला हवंय तीही तीच. संशय घेण्यासारखंच आहे. घे.

पण संशय घ्यायचा तर पुरता घे, अर्धवट घेऊन अॅम्ब्युलन्स पाठवू नकोस. येत्या रविवारी, सहा तारखेला, अकरा वाजता फोन लाव. मी घरात नसेन. सकाळीच बाहेर पडेन आणि तू परत बोलावल्याशिवाय येणार नाही. स्क्रू ताईंच्या हातात. कितीवर ठेवायचा ते तू त्यांना सांग. शून्यावर ठेव, पाववर ठेव, आणखी मागे ने. आणि तिला असं काही विचार जे तुम्हा दोघांनाच माहीत आहे, मला नाही. असेलच की काहीतरी. ज्या जागी तिची उत्तरं खरी निघतील, ती तिच्या बोटाची जागा. मग त्याच जागेवर संस्थेचं विचार. तेव्हा जर ‘हो’ आलं, तर मी स्वतः तिची बॅग भरेन आणि गाडीपर्यंत तिला उचलून आणेन. तोंडातून अवाक्षर काढणार नाही. मला ओळखतोस, म्हणजे हे किती मोठं आहे ते तुला कळेल.

सदतीस बोर्डांपैकी जे बाहेर आहेत, ते सगळे मी परत मागवलेत आणि प्रत्येकाला स्क्रू बसवतेय. सिग्नलमन काकांचा बोर्ड सगळ्यात आधी दुरुस्त करून दिला आणि त्यांची माफी मागितली. त्यांनी उत्तर दिलं, “आता ऐकू येतंय. पुढचं पत्र मी लांबलचक लिहिणार, तयार राहा.” आणखी नऊ जणांनी कळवलं की त्यांचंही हेच होत होतं, पण त्यांना वाटलं आपलीच बुद्धी गेली. नऊ माणसं, दादा, माझ्या हुशारीपायी स्वतःला वेडी समजत बसली होती. आणि तू म्हणतोस साडेतीनशे म्हणजे कोणी नाही. तुझी कंपनी, तुझा करार, तुझा तो स्वतःच अपडेट घेणारा टॅब्लेट, सगळं लखलाभ असो. बटणामागचं बोट ओळखायला मला उशीर झाला, पण मी ते करतेय. तुमच्याकडे कोणाला त्याची गरजही वाटत नाही.

रविवार. अकरा.

ठिणगी


सोमवार, ७ एप्रिल

दादा,

तू फोन लावला नाहीस.

मी सकाळी नऊला घराबाहेर पडले, दुपारी ताईंचा फोन येईपर्यंत रस्त्यांवर फिरत होते. दोनदा त्याच चपलांच्या दुकानात जाऊन आले, दुकानदार म्हणाला, बाई, काही घ्यायचंय का नुसतं बघायचंय. आई अकराच्या ठोक्याला बटणावर बोट ठेवून तयार होती. ताईंनी तिचे केस विंचरले होते, तिनेच सांगितलं होतं. सव्वाबारापर्यंत ती तशीच होती. तुझा तेवढा मेसेज आला, “गुरुवारचं नक्की आहे, गाडी दहाला पोचेल. हे खेळ आता पुरे.”

ताईंनी तो तिला वाचून दाखवला. दाखवायला नको होता, पण त्या घाबरल्या. आईने काय केलं माहीत आहे? तिने अक्षरांची ओळ उघडली आणि लिहायला बसली. काल दुपारभर आणि आज सकाळी आठपासून. मधे जेवलीसुद्धा नाही. मी आज कामावर गेले नाही, पण काल-आज ती लिहीत असताना खोलीतही गेले नाही, दाराबाहेर स्टूल टाकून बसले, ताई साक्षीला आहेत. दुपारी आलं, “पुरे.” मी आत जाऊन छापून घेतलं. खाली आहे. मी एक अक्षर बदललेलं नाही, स्वल्पविराम तिच्या ओळीत नाहीत म्हणून ते नाहीत.

आणि आता मला जे म्हणायचंय ते आधी म्हणून घेते, कारण तिच्यानंतर मला बोलायला काही उरत नाही.

त्यातली एक गोष्ट मला माहीत नव्हती. सहा वर्षं मी तुला पळपुटा म्हणत आले. घरात म्हटलं, पाहुण्यांत म्हटलं, मार्चमधे लेखी दिलं. तो शब्द मी मागे घेते. चुकले मी, दादा. तू सांगायला हवं होतंस, पण तू सांगितलं असतंस तरी मी ऐकलं असतं का, देव जाणे.

फक्त तो एकच शब्द मागे घेतलाय. बाकीचे सगळे तिथेच आहेत. गुरुवारी दहाला तुझी गाडी आली तर मी दारात उभी असेन, आणि गाडीबरोबरच्या कोणालाही मी आत सोडणार नाही. तू मात्र येऊ शकतोस. तू आत ये.

ठिणगी


आईचं:

बाळा

हे मी लिहिते. ठिणगी बाहेर स्टुलावर बसली आहे. नाक ओढते आहे. ऐकू येतं.

त्या रविवारी मी नको म्हटलं. तू हो वाचलंस. मी परत नको म्हटलं. तू परत हो वाचलंस. तिसऱ्यांदा बोट दुखलं. मग मी गप्प बसले. एक्स्चेंजमधे लाईन खराब असली की ओरडून उपयोग नसतो.

बोर्ड ठिणगीचा चुकला. तिला मी गाढव म्हटलं. आता बोर्ड बरा आहे.

तुझं एक बरोबर आहे. दिवसभर एक बाई पुरत नाही. ताई पडली तर मला उचलणार कोण. ठिणगी हे मानत नाही. मानावं लागेल. दुसरी बाई ठेवा. तू ठेव. ते काम तुझं.

ठिणगी चिडकी आहे. ती चिडली की मला घरात माणूस आहे असं वाटतं. बागेत मला काय करायचं आहे. मला बाग दिसत नाही.

तू म्हणतोस हे उत्तर माझं कशावरून. सांगते. तुझ्या नोकरीचा पहिला महिना. ठिणगी कामावर होती. तू व्हिडिओ कॉलवर रडलास. म्हणालास आई मला जमत नाही सगळं सोडून परत येऊ का. मी उत्तर दिलं नाही. तू रोज फोन केलास. तीन दिवस. मी तीन दिवस बटणावर बोट ठेवून बसले होते. मला तू हवा होतास. फार हवा होतास.

चौथ्या दिवशी मी नको म्हटलं. तू एकदाच वाचलंस आणि मानलंस. हे फक्त तुला आणि मला माहीत आहे. ठिणगीला पण सांगितलं नाही. तिने तुला शिव्या दिल्या त्या मी ऐकल्या आणि गप्प राहिले. ती माझी चूक.

तेव्हाचं नको तुझ्या सोयीचं होतं. आत्ताचं नाही. दोन्ही माझीच.

पुरे